माल्कमपेठेचा बाजारहाट

महाबळेश्वरहून परतलेल्या कुटुंबाची पिशवी उघडली, तर तीतून काय निघेल हे न पाहताही सांगता येते. स्ट्रॉबेरीच्या जॅमची बाटली, जांभळाचा मध, मसाला लावलेले फुटाणे, चामडी चपलांचा एखादा जोड, आजोबांसाठी काठी, आणि गाडीत जागा उरली असेल तर लाल बटाट्यांची पिशवी. उन्हाळ्याच्या सुटीत आपल्या धर्मग्रामांच्या सहली तिकडे निघतात. आर्थर सीटचा कडा अर्ध्या तासात पाहून होतो; डॉ. साबणे रस्त्यावरची दुकाने मात्र दोन तासांतही आटोपत नाहीत. ही खरेदी एरवीच्या बाजारहाटाहून निराळी असते. घरातले मीठ संपले म्हणून कोणी महाबळेश्वरास जात नाही. आपण तेथे जाऊन आलो याची खूण म्हणून वस्तू घेतली जाते, आणि ती वस्तू ‘तिथली’ असावी अशी घेणाऱ्याची इच्छा असते.

या ‘तिथली’ शब्दापाशी आम्हांस थोडे थांबावयाचे आहे. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम कडेला, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचार हजार फुटांवर वसलेल्या या बाजारपेठेला अजून पुरती दोनशे वर्षेही झालेली नाहीत. तीत मिळणारे जिन्नस कोठून आले, कोणाच्या हातांनी तेथे रुजले, हे शोधू लागले की एक मोठा चमत्कारिक इतिहास समोर येतो. त्या हातांपैकी काही हात बेड्या घातलेले होते.

आधी जुन्या वाटेचा विचार करू. महाबळेश्वर हे नाव मुळात देवस्थानाचे. आज ज्याला क्षेत्र महाबळेश्वर म्हणतात ते कृष्णेच्या उगमाचे गाव, आणि तेथे यात्रेकरू फार पूर्वीपासून येत आले आहेत. यात्रेकरूही घरी जाताना काही नेतोच. पण तो नेतो प्रसाद आणि तीर्थ. त्याची किंमत तो बाजारभावाने करीत नाही. देवस्थानापासून काही अंतरावर, प्रतापगडाच्या पायथ्याशी असलेल्या पार गावावरून कोकणात उतरणारा घाट होता. या पार घाटाने बाणकोटची खाडी आणि महाडचे बंदर वाई-साताऱ्याच्या देशाशी जोडलेले होते. खालून मीठ, नारळ आणि सुकी मासळी बैलांच्या पाठीवर चढत असे. वरून गहू, गूळ, मिरची उतरत असे. अफझलखान १६५९ मध्ये जावळीच्या खोऱ्यात उतरला तो याच मुलखात. म्हणजे डोंगरावर पेठ वसण्यापूर्वीही या माथ्यावरून समुद्राचा माल जात-येत होता. फक्त तो तेथे थांबत नव्हता, कारण तेथे घेणारा कोणी नव्हता.

घेणारा आला तो आजाऱ्याच्या रूपाने. येथे वाचकांनी क्षणभर आमच्याबरोबर इंग्लंडच्या किनाऱ्यावर यावे, कारण या बाजाराचे एक मूळ तिकडे आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास ब्रायटनजवळच्या रिचर्ड रसेल नावाच्या एका वैद्याने समुद्रस्नानाचे गुण वर्णन करणारा ग्रंथ लिहिला, आणि कोळ्यांच्या त्या लहानशा गावाकडे श्रीमंत रोग्यांची रीघ लागली. त्याआधी बाथ, टनब्रिज वेल्स यांसारख्या झऱ्यांच्या गावी असेच लोक जात. आता रोगी सकाळी स्नान करणार; उरलेला दिवस काय करणार? म्हणून फिरण्याचे रस्ते आले, वाचनालये आली, आणि त्या वाचनालयांच्या फळ्यांवर कादंबऱ्यांच्या शेजारी डब्या, पंखे, शिंपल्यांच्या शोभेच्या वस्तू विकावयास आल्या. टनब्रिज येथील रंगीत लाकडी जडावाच्या पेट्या तर त्या गावाच्या नावानेच प्रसिद्ध झाल्या. हवापालटाच्या गावी जाऊन तेथली ‘खासियत’ विकत आणण्याची रीत अशी रिकाम्या वेळेतून जन्मास आली. प्रकृतीसाठी गेलेला मनुष्य बरा झाला म्हणजे कंटाळतो, आणि कंटाळलेला मनुष्य दुकानात शिरतो.

ही सवय घेऊन इंग्रज मुंबईस आले. मुंबईत समुद्र होताच, पण तो त्यांना सोसला नाही. तेथील दमट उष्म्याने त्यांची माणसे पटापट मरत होती. तेव्हा जी गोष्ट त्यांनी मायदेशी समुद्रकाठी शोधली, तीच येथे त्यांना समुद्रापासून दूर, डोंगराच्या माथ्यावर शोधावी लागली. १८२४ मध्ये साताऱ्याच्या फौजेतील पीटर लॉडविक हा अधिकारी येथील कड्यांवर चढून आला आणि त्याने या हवेची वाखाणणी केली. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम १८२८ मध्ये येथे आला, आणि आजारी युरोपीयांसाठी आरोग्यस्थान उभारण्याचे त्याने मनावर घेतले. हा माल्कम स्कॉटलंडमधील शेतकऱ्याचा मुलगा. कोवळ्या वयात कंपनीच्या फौजेत शिरून तो इराणपर्यंत वकिली करून आला होता. जमीन मात्र कंपनीची नव्हती, ती साताऱ्याच्या छत्रपतींची होती. १८२९ मध्ये प्रतापसिंह महाराजांशी करार होऊन वाई तालुक्यातील खंडाळा गावाच्या बदल्यात हा डोंगर इंग्रजांकडे गेला. महाराजांनी साताऱ्याहून रस्ता करून दिला, आणि नव्या वस्तीस गव्हर्नरचे नाव देण्यात आले: माल्कमपेठ.

हे नाव आम्हांस फार बोलके वाटते. त्याचा पूर्वार्ध इंग्रजी आणि उत्तरार्ध मराठी. पेठ आपोआप होत नाही, ती वसवावी लागते. पुण्याच्या पेठा पेशव्यांच्या काळी अशाच वसल्या; खुद्द साताऱ्यातील प्रतापगंज पेठ प्रतापसिंहांचे नाव सांगते. वाणी, उदमी, कारागीर यांना जागा नेमून द्यावयाची, रस्ता आखावयाचा, सवलती द्यावयाच्या, मग गिऱ्हाइकाची वाट पाहावयाची. डोंगरावरच्या या पेठेत मात्र गिऱ्हाईक आधी ठरले आणि पेठ त्याच्यासाठी मांडली गेली. गावातील कोणाच्याही गरजेसाठी हा बाजार भरला नाही. ज्या राजाने डोंगर दिला आणि गव्हर्नरच्या नावाला मान्यता दिली, त्यालाच इंग्रजांनी १८३९ मध्ये पदच्युत करून काशीस पाठविले आणि तेथेच १८४७ मध्ये तो मरण पावला, हेही येथे नोंदविले पाहिजे. त्याचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज यांच्या काळात, १८४२ मध्ये, वेण्णा तलाव बांधला गेला. १८४८ मध्ये ते निवर्तले आणि संस्थान खालसा झाले. आज ज्या तलावाकाठी आपली मुले भाजलेली कणसे खातात, तो या राज्याच्या अखेरच्या वर्षांतला.

पुढे मुंबई सरकारचा उन्हाळी मुक्कामच येथे पडू लागला. गव्हर्नर, सचिव, न्यायाधीश, त्यांच्या मडमा, आणि त्यांच्या मागोमाग मुंबईचे पारशी व गुजराती धनिक. सुरुवातीस ही मंडळी मुंबईहून गलबताने बाणकोटपर्यंत येत, सावित्रीच्या खाडीने महाडकडे जात, आणि तेथून पालखीत बसून घाट चढत. पुढे पुण्याकडील रस्ता सुधारला, वाई आणि पसरणीच्या घाटाने टांगे येऊ लागले. १८६४ मध्ये फ्रिअर हॉल उभा राहिला. वाचनालय आणि करमणुकीचे दालन एकाच इमारतीत! ब्रायटनची आठवण ठेवूनच हे झाले, असे आमचे मत आहे.

मग या पेठेत खरेदी कोण करी? चित्रांत दिसणारी छत्री घेतलेली मडम नव्हे. त्या काळच्या इंग्रजी घरात बाजार करणे हे बटलरचे किंवा स्वयंपाक्याचे काम असे. सकाळी टोपली घेऊन तो जाई, परत आल्यावर बाईसाहेबांपुढे हिशेब वाची, आणि बाईसाहेब प्रत्येक पैशास हरकत घेत. दुकानदार त्याला रुपयामागे काही देत असे, तिला दस्तुरी म्हणत. साहेब तिला चोरी समजे, आणि नोकर तिला हक्क समजे. हवेच्या ठिकाणी सुटी भोगणारा एक आणि बाजार करणारा दुसरा, अशी ही विभागणी होती. मुंबईच्या युरोपीय घरांतून गोव्याहून आलेले आपले कॅथलिक स्वयंपाकी आणि बटलर पुष्कळ असत, हे सर्वश्रुत आहे. मालक डोंगरावर निघाला की त्यांनाही निघावे लागे, कारण पाव, सूप आणि पुडिंग यांवाचून साहेबाचा हवापालट होत नसे. महाबळेश्वरात पवित्र क्रुसाच्या नावाने आपले प्रभुमंदिर आहे. हंगामात त्याच्या मागच्या बाकांवर कोण बसत असेल, याचा तर्क वाचकांनी सहज करावा. आपल्यापैकी काहींचे पणजोबा त्यांत असतील. ते डोंगरावर महिनेच्या महिने राहिले, पण सुटीसाठी कधीच गेले नाहीत.

साहेबाला ताजी भाजी हवी होती. कोबी, फ्लॉवर, मटार, गाजर, सॅलड, बटाटा. जावळीच्या डोंगरात पिकत होती नाचणी, वरी आणि थोडा भात. मातीची जात निराळी, पाऊस अफाट. आता या डोंगरावर विलायती बागाईत करणार कोण? या प्रश्नाला कंपनी सरकारने जे उत्तर शोधले ते चीनहून आले, आणि तेही सरळ नव्हे, सिंगापूर, मलाक्का आणि पेनांग या मार्गे.

कंपनीच्या राज्यात काळ्या पाण्याची शिक्षा दोन्ही दिशांनी चालत असे. हिंदुस्थानातील कैदी १८२५ पासून सिंगापुरास पाठविले जात. तेथील रस्ते, पूल, सरकारी इमारती त्यांनी बांधल्या. १८५६ मध्ये बांधकाम सुरू झालेले तेथील सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल हे अँग्लिकन पंथीयांचे भव्य मंदिर आमच्या देशाच्या कैद्यांच्या श्रमाने उभे आहे. उलट त्या वसाहतींतील चिनी आणि मलाई कैदी समुद्र ओलांडून मुंबई इलाख्यात आणले जात, आणि त्यांतील काही माल्कमपेठेस येत. शिक्षेचा हेतूच असा की मनुष्याला त्याच्या भाषेपासून, माणसांपासून, पळून जाण्याच्या प्रत्येक वाटेपासून तोडावयाचे. सह्याद्रीच्या माथ्यावर चिनी माणूस पळून जाणार कोठे?

पेठेजवळ त्यांच्यासाठी तुरुंग बांधला होता. त्यात सुमारे १२० कैद्यांची सोय होती. दिवसा ते रस्त्यांवर आणि बागांत काम करीत. बाँबे पॉइंटकडे, एल्फिन्स्टन पॉइंटकडे जाणारे जे सावलीचे रस्ते आपण कौतुकाने पाहतो, त्या वसाहतीचे मूळ रस्ते राखण्यात या माणसांचा घाम आहे. पण त्यांची खरी करामत बागाइतीत दिसली. खोऱ्यांच्या तोंडाशी, ओहोळांच्या काठी त्यांनी वाफे बांधले, सोनखत आणि पाण्याचे माप सांभाळले, आणि काही वर्षांतच माल्कमपेठेच्या बाजारात विलायती भाजी आणि बटाटा भरपूर येऊ लागला. इंग्रजी कारभाऱ्यांनीदेखील आपल्या नोंदींत याचे श्रेय मोकळेपणाने चिन्यांच्या उद्योगास दिले आहे. १८६४ मध्ये हा तुरुंग बंद झाला. सुटकेनंतर त्यांतील काही माणसे येथेच राहिली, स्थानिक बायकांशी संसार करून बागा करीत जगली. त्यांच्या हातून भाजीचे हे शास्त्र भोवतालच्या कुणब्यांकडे गेले, आणि कुणब्यांनी ते आपले केले.

त्यांची नावे आपणास ठाऊक नाहीत. गव्हर्नरांची नावे प्रत्येक कड्याला आहेत: माल्कम, एल्फिन्स्टन, फॉकलंड. लॉडविकच्या नावाने तर स्तंभ उभा आहे.

यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथातील सत्ताविसावा अध्याय आम्हांस या संदर्भात नेहमी आठवतो. समुद्रकाठच्या सोर नगराचा तो विलाप आहे. पण विलाप असूनही संदेष्टा मध्येच एखाद्या जकातदारासारखा माल मोजू लागतो. तार्शीशहून रुपे, लोखंड, कथील आणि शिसे आले. दमास्कसहून द्राक्षारस व लोकर आली. यहुदा आणि इस्राएलच्या भूमीतून गहू, मध आणि तेल आले. कोणता जिन्नस कोणी आणला हे एकेक नाव घेऊन तो सांगतो. आणि याच यादीत, तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या शेजारी, माणसांचे जीवही विकावयास आले होते, अशी नोंद आहे. व्यापाराच्या वर्णनात ती ओळ सहज निसटून जाते. सेमिनरीत आमच्या प्राध्यापकांनी तीवर बोट ठेवले होते, म्हणून ती आमच्या लक्षात राहिली.

माल्कमपेठेचे चिनी कैदी हे गुलाम नव्हते, ते शिक्षा झालेले कैदी होते, आणि त्यांत खरे अपराधी असतीलच. फरक आम्हांस मान्य आहे. तरीही ज्या बाजाराचा पाया सक्तीच्या श्रमावर पडला, त्याच्या जमाखर्चात ही रक्कम लिहिली गेली पाहिजे.

आता लोक अतिशयोक्तीही करतात. महाबळेश्वरातील प्रत्येक गोष्ट चिन्यांनी शिकविली, असे तेथे ऐकावयास मिळते: वेताच्या खुर्च्या आणि टोपल्या, काठ्या, चपला, स्ट्रॉबेरी, सगळेच. यातील वेतकाम आम्हांस पटण्यासारखे आहे, कारण मलाया म्हणजे वेताचे माहेर, आणि तिकडून आलेल्या हातांना ती कला अवगत असणे स्वाभाविक होते. चपलांबाबत मात्र आम्ही साशंक आहोत. कातडे कमावणे आणि चपला शिवणे ही साताऱ्या-कोल्हापुराच्या चर्मकार समाजाची पिढीजात विद्या आहे, आणि कातडे कमावण्यास लागणारा हिरडा तर याच जावळीच्या रानातला. ज्यांच्या वाड्यात हिरडा भिजत होता त्यांना चपला शिकविण्यासाठी चीनहून कोणी येण्याची गरज नव्हती. हे श्रेय परक्यास देण्यात आपल्याच एका कष्टाळू समाजाला वगळले जाते, आणि अशी वगळणूक त्या समाजाच्या वाट्याला पूर्वीही पुष्कळ आली आहे.

स्ट्रॉबेरीची गोष्ट तर आणखी वेगळी. सिंगापूर विषुववृत्ताजवळचे, तेथे हे थंडीचे फळ पिकत नाही, मग तेथून ते येणार कसे? ते आले इंग्रजांच्या बागांतून. आणि इंग्रजांचे तरी ते कोठे होते? १७१४ मध्ये फ्रेझिए नावाचा एक फ्रेंच अभियंता, जो स्पेनच्या किल्ल्यांची टेहळणी करण्यास गेला होता, चिली देशाच्या किनाऱ्यावरून मोठ्या फळाची काही रोपे घेऊन परतला. त्या रोपांचा उत्तर अमेरिकेतील लहान, सुवासिक जातीशी युरोपच्या बागांत संकर झाला, आणि आजची स्ट्रॉबेरी जन्मली. बटाटाही त्याच खंडातला, अँडीज पर्वतातील इंडियन लोकांनी जोपासलेला. आपल्या भाषेत तो बटाटा झाला तो पोर्तुगीज शब्दावरून, म्हणजे गोवा-वसईच्या दारातून. जिभेवर हा शब्द इतका मुरला आहे की तो समुद्रावरून आला याची शंकाही कोणास येत नाही.

म्हणजे पिशवीतील जॅमचे आजोळ चिली, बटाट्याचे पेरू, आणि वेताच्या टोपलीचे मलाया.

बाहेरून इतके सगळे येत असताना आतले एक निघून गेले. या डोंगरांत धावड नावाचे मुसलमान कारागीर राहत. जांभ्या खडकातील लोखंडाची माती गोळा करून, रानातल्या लाकडाचा कोळसा पाडून, भात्याच्या भट्टीत ते लोखंड काढीत. कुऱ्हाड, नांगराचा फाळ, घोड्याचे नाल यांसाठी तो कच्चा माल होता. एकोणिसाव्या शतकात एकीकडे सरकारने जंगले राखीव केली, कोळसा महागला. दुसरीकडे आगबोटींनी इंग्लंडचे स्वस्त लोखंड बंदरात येऊन पडू लागले. भट्ट्या विझल्या. जो एकच उद्योग खरोखर त्या मातीतला, त्या रानातला आणि तेथल्याच माणसांचा होता, त्याची एकही वस्तू आज त्या बाजारात आठवण म्हणून मिळत नाही. मिळाली तरी सुटीला आलेला मनुष्य लोखंडाचा गोळा कशाला घेईल? बाजाराला जे विकत घेणारा हवे तेच टिकते, हे आम्ही समजतो. पण टिकले नाही ते कमी प्रतीचे होते असा अर्थ त्यातून काढू नये.

जून उजाडला की साहेबलोक उतरत. मग येथे जो पाऊस कोसळतो तो वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या घरात जातो. घरांच्या भिंतींना गवताचे झाप लावावे लागत, आणि गिऱ्हाईक नाही म्हटल्यावर पेठेचा जीव जात असे. वर्षातील काही महिन्यांच्या कमाईवर उरलेले वर्ष काढणारी ही पेठ होती. तेथील दुकानदार भाव चढे लावतो अशी तक्रार आपण करतो. ती नेहमीच खोटी असते असे नाही. परंतु हा हिशेबही ध्यानात असावा. आता पावसाळ्यातही पर्यटक येतात आणि दुकाने बारमाही झाली आहेत.

स्वातंत्र्यानंतर साहेबाची जागा आपण घेतली. गव्हर्नरांचा मुक्काम संपला, मुंबई-पुण्याचा आणि गुजरातचा मध्यमवर्ग मोटारीने येऊ लागला. त्याच्यापाशी बटलर नव्हता. तो आपली पिशवी आपण उचलू लागला, आणि तेव्हा कुठे सुटी भोगणारा व बाजार करणारा एकच मनुष्य झाला. या नव्या गिऱ्हाइकाची एक अडचण होती. स्ट्रॉबेरीचा बहर थंडीतला, साधारण डिसेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत. शाळांची सुटी मात्र मे महिन्यात. नाजूक फळ, दोन दिवसांत सुटणारे. त्याला मे महिन्यापर्यंत थांबवून धरावयाचे, आणि मुंबईपर्यंत शाबूत न्यावयाचे, तर ते साखरेत शिजवून बाटलीत घालणे भाग होते. १९५९ मध्ये पाचगणीत मॅप्रोचा आरंभ झाला. पुढे त्या परिसरात फळप्रक्रियेचे आणखी व्यवसाय निघाले. पाचगणीस तर १८९५ पासून सेंट जोसेफ्स कॉन्व्हेंट आणि नंतर अनेक निवासी शाळा होत्या. सुटीला घरी निघालेल्या मुलांच्या पेट्यांतून या बाटल्या कोठल्या कोठे गेल्या असतील! २०१० मध्ये महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळाले. चिलीची लेक साताऱ्याची झाल्याचा तो सरकारी दाखला म्हणावयाचा. आणि तो चुकीचा नाही. भिलारसारख्या गावांतील शेतकऱ्यांनी तीन-चार पिढ्या राबून तो मिळविला आहे. याच भिलारला ४ मे २०१७ पासून पुस्तकांचे गाव म्हणतात. घराघरांत पुस्तके मांडली आहेत, ती विकावयाची नाहीत, बसून वाचावयाची आहेत. सहलीतील मुलांना बाजारातून काढून तासभर तेथे नेण्याचा उपाय आम्ही इतर धर्मगुरूंना सुचवितो. मुले कुरकुरतात, मग रमतात.

मध ही एक गोष्ट मात्र खरोखर तिथली. आग्या माशीची पोळी कड्यांवरून उतरविणारे लोक पूर्वीपासून होते. विसाव्या शतकाच्या मध्यास सातेरी माशी पेटीत पाळण्याचे शिक्षण येथे सुरू झाले आणि मधपाळांची सहकारी संस्था उभी राहिली. २०२२ मध्ये याच तालुक्यातील मांघर हे मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. जांभूळ, हिरडा, गेळा यांच्या फुलोऱ्यावर माशा मध करतात. सात-आठ वर्षांनी एकदाच फुलणारी कारवी बहरली की त्या सालचा मध निराळाच. घरी नेलेल्या मधात काही महिन्यांनी साखरेसारखे कण धरले, तर फसलो म्हणून हळहळू नये. शुद्ध मधही थिजतो. बाटली कोमट पाण्यात ठेवावी.

आणि रस्त्याच्या कडेला बसणाऱ्या बाया. वेण्णा तलावाच्या पुढे, घाटाच्या वळणांवर, करवंदे, जांभळे, तुती, रानातली फुले पानांच्या द्रोणांत घेऊन त्या बसलेल्या असतात. पहाटे रानात जाऊन त्यांनी काट्यांतून ती वेचलेली असतात. दुकानात काचेच्या कपाटातील बाटलीवर छापलेली किंमत आपण मुकाट्याने देतो आणि गाडीत बसण्यापूर्वी या बाईशी दोन रुपयांवरून वाद घालतो. ब्रिटिश घरातील बाईसाहेब बटलरच्या हिशेबावर जशी बोट ठेवी, तसेच ते. आमच्या धर्मग्रामाच्या एका सहलीत एका आजीबाईंनी असा वाद चाललेला पाहिला आणि आपल्या सुनेला सर्वांदेखत सांगितले, “तू वेचून आण बघू इतकी करवंदं.” सुनेने दोन द्रोण घेतले.

चिनी कैद्यांच्या बागांची एक खूण अजून शिल्लक आहे. बाजारपेठेपासून दोन-तीन किलोमीटरवर, कोयनेच्या खोऱ्याच्या तोंडाशी, एक धबधबा आहे. त्याला चायनामॅन्स फॉल म्हणतात. त्याच्या जवळपास त्यांचे मळे होते, म्हणून हे नाव. मे महिन्यात गेलात तर तेथे खडकावरून पाण्याची जेमतेम धार उतरताना दिसेल, आणि फारसे कोणी भेटणार नाही. पावसाळ्यात मात्र तो पूर्ण भरून कोयनेकडे कोसळत असतो.